सामना हरलो तो खेळाडू नोंदणीच्या दिवशी : आमच्या तालमीच्या कार्यकारिणीस आणि समर्थकांस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि तालमीच्या तमाम समर्थकांनो,

सप्रेम नमस्कार.

शाहू स्टेडियमवर परवाच्या फुटबॉलच्या उपांत्यपूर्व सामन्यात आपण 2-0 असे हरलो. समोरचा संघ आपल्यापेक्षा लहान. त्यांच्या पाठीमागं मोठा देणगीदार नाही, जर्सीवर कुणाचं नाव नाही, आणि त्यांच्या समर्थकांनी गॅलरीचा एक कोपराही भरला नव्हता. आपली मात्र अख्खी पेठ लोटली होती. शाहू स्टेडियम तसं कोल्हापुरातल्या सगळ्याच संघांचं, पण पेठेतून चालत जाता येणारं हे मैदान आपण पिढ्यानपिढ्या घरचं मानत आलोय. तिथं, आपल्याच माणसांसमोर, आपण हरलो आणि वाईट हरलो.

पराभव जिव्हारी लागला, पण नुसत्या पराभवासाठी मी पत्र लिहिलं नसतं. खेळ म्हटला की हार-जीत आलीच. लिहायला लागलं ते त्यानंतर जे झालं त्यामुळं. त्याच रात्री तालमीच्या नावानं एक निवेदन फिरलं. पहिला गोल उघड उघड ऑफसाईड होता, म्हणजे सहकाऱ्यानं चेंडू दिला तेव्हा त्यांचा फॉरवर्ड आपल्या बचावफळीच्या पाठीमागं उभा होता, आणि पंचांनी आपल्या हातातला सामना घालवला, असं त्यात म्हटलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्याच काही पोरांनी आपल्या गोलकीपरला मोबाईलवर धारेवर धरलं. निवेदन जाहीर होतं, शिव्याही जाहीर होत्या, म्हणून माझं म्हणणंही जाहीरच मांडतो. मी या तालमीकडून सेंटर हाफ खेळलो. आता सकाळी तालमीची लहान पोरं घेऊन मैदानावर असतो. मला कार्यकारिणीत जागा नको आणि कुणाचं पद जावं अशीही माझी इच्छा नाही.

सांगायचंय ते एकच. हा सामना आपण हंगाम सुरू व्हायच्या आधी, खेळाडू नोंदणीच्या दिवशीच हरलो होतो. ते का, हे सांगायला आधी त्या गोलकडंच यावं लागेल, कारण निवेदन लिहिणाऱ्यांनी तो नीट बघितलेला दिसत नाही.

पूर्वार्ध संपत आला होता. आपल्या उजव्या बाजूला, कॉर्नर फ्लॅगच्या अलीकडं, त्यांना थ्रो-इन मिळाला. त्यांचा उंच बॅक लांब थ्रो टाकतो, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आधीच्या फेरीत त्यांनी तसाच एक गोल काढला होता. त्यांचा फॉरवर्ड आपल्या दोन्ही स्टॉपरांच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, पाठीमागं एकटाच उभा होता. थ्रो आला, त्यानं चेंडू छातीवर घेतला. आपल्या एका स्टॉपरनं ऑफसाईड मागत हात वर केला आणि जागेवरच थांबला. त्याचं बघून दुसऱ्यानंही हात वर केला. पळाला तो फक्त आपला डावा बॅक, पेठेतला पोरगा, पण तो लांब होता. गोलकीपर जागा सोडून पुढं आला, अंग पसरून पडला आणि पहिला फटका त्यानं अडवला. चेंडू त्याच्या अंगाला लागून परत त्याच फॉरवर्डच्या पायाशी गेला. दुसरा फटका जाळीत.

थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसतो. गोल किकवरून नसतो, कॉर्नरवरून नसतो. ऑफसाईडचा नियम हा खेळाच्या नियमांतला अकरावा, आणि त्यात हे तीन अपवाद स्वच्छ लिहिलेले आहेत. दुसरा फटका तर गोलकीपरला लागून आलेल्या चेंडूवर होता, आधी तो त्या फॉरवर्डनं स्वतःच मारलेला. मध्ये त्याच्या कुठल्या सहकाऱ्याचा पाय लागलाच नाही, मग ऑफसाईड येतो कुठून? पंच बरोबर होते. लाईनमननं झेंडा खाली ठेवला, तोही बरोबर होता. शिट्टी घेऊन मैदानात उतरणारी ही माणसंसुद्धा आपल्याच गावातली आहेत. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ती उन्हात पळतात, आणि तालमीचं लेटरहेड वापरून आपण त्यांना चोर ठरवलं. जी तालीम पोरांना खेळ शिकवायचा दावा करते, तिच्या निवेदनात खेळाचा नियमच चुकावा, याची मला लाज वाटली. ते निवेदन मागं घ्या. त्याच लेटरहेडवर पंचांची माफी मागा.

आता खरा प्रश्न. स्टॉपरनं हात का वर केला? तो काही नवखा नाही. मला वाटतं, नियम त्यालाही माहीत असणार. पण आपल्या पाठीमागच्या माणसाला कुणी धरायचं, लांब थ्रो आला तर आधी उडी कुणी घ्यायची आणि पडलेला चेंडू कुणी उचलायचा, हे त्या दोघांचं आपसात कधी ठरलेलंच नव्हतं. ठरणार कसं? एक जण नोंदणी इथं करून केरळात सात-सात जणांच्या फुटबॉलचे सामने खेळत होता आणि बाद फेरीसाठी त्याच आठवड्यात इथं उतरला. दुसरा गेल्या हंगामात आपल्याच विरुद्ध, शहरातल्या दुसऱ्या तालमीकडून खेळत होता. दोघांचा एकत्र सराव बोटांवर मोजण्याइतका. छोट्या मैदानावरचा खेळ आणि पूर्ण मैदानावर अकरा जणांत मागची फळी धरून खेळायचा खेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणूस गोंधळला की हात वर करतो आणि पंचांकडं बघतो. त्या हातानंच आपला सामना घालवला, पण त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला आपण बोलावलं, पैसे ठरवले आणि चार दिवसांत अनोळखी पोरांबरोबर उभा केला.

दुसऱ्या गोलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. शेवटी शेवटी सगळे पुढं गेले होते, पाठीमागं कुणी नव्हतं, त्यांच्या दोघांनी दोन पासमध्ये काम तमाम केलं.

गोलकीपरबद्दल मात्र बोललंच पाहिजे. जो व्हिडिओ फिरतोय, तो त्यानं पहिला फटका अडवल्यानंतर सुरू होतो. कुणीतरी आधीचा भाग कापलाय. बघणाऱ्याला दिसतं एवढंच की गोलकीपर जमिनीवर पडलाय आणि चेंडू त्याच्या बाजूनं जाळीत जातोय. खाली काय काय लिहिलंय ते मी इथं लिहिणार नाही. दिवसभर दुकानात उभा राहून संध्याकाळी सरावाला येणारा, पावसाळ्यात मैदान नसलं तर गल्लीत भिंतीवर चेंडू मारून हात गरम ठेवणारा हा पोरगा. सामन्याच्या रात्री त्याच्या दारात जाऊन कुणीतरी नाव घेऊन ओरडलं. घरात त्याची आई आणि धाकटी बहीण होती. सकाळी ती माउली नळावर गेली तेव्हा बायका गप्प झाल्या, हे मला माझ्या घरून कळलं. आणि तालमीच्या निवेदनात त्या पोराच्या बाजूनं एक ओळ नाही! पंचांना शिव्या द्यायला अर्धं पान होतं, आपल्या पोराच्या पाठीवर हात ठेवायला एक वाक्य सापडलं नाही. अध्यक्षसाहेब, तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा. फोटो काढू नका, फेसबुकवर टाकू नका. नुसतं जा, त्याच्या आईशी बोला.

आता नोंदणीकडं येतो.

परवाच्या अकरा जणांत पेठेची पोरं तीन होती. बाकीची काही शहरातल्याच इतर तालमींतून आणलेली, काही परजिल्ह्यातली, काही परराज्यातली, काही परदेशी. बाकावर मात्र निम्म्याहून जास्त पेठेची पोरं होती, आणि गेले काही हंगाम ती तिथंच आहेत. तालमीत वाढलेला पोरगा सतरा-अठरा वर्षांचा झाला की त्याला बाकावर बसवायचं, दोन-तीन वर्षं तो बसतो, मग कुठं कंपनीत लागतो, कुठं रिक्षा चालवतो, आणि फुटबॉल संपतो. दरवर्षी नोंदणीच्या तारखा लागल्या की आपल्याकडं धावपळ सुरू होते ती कुणाला फोडायचं, कुणाला किती द्यायचे, कुणाची राहायची-जेवायची सोय कुठं करायची याची. आपल्याच चौदा-सोळा वर्षांच्या पोरांत यंदा कोण तयार झालाय, याची बैठक कधी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

परवा उत्तरार्धाच्या शेवटच्या काही मिनिटांत तुम्ही नाइलाजानं आपल्या एका सतरा वर्षांच्या पोराला उतरवलं. पहिल्याच चेंडूला त्यानं डाव्या बाजूनं एकाला चुकवलं, आत वळला आणि उजव्या पायानं मारलं. गोलपोस्टला लागून चेंडू परत आला. त्या दिवशी गोलच्या जवळ गेलेला आपला तो एकच फटका. सामना संपल्यावर त्यांच्या कोचनं त्याला बाजूला घेऊन विचारलं, कुठल्या तालमीत शिकलास? ऐकून मला बरंही वाटलं आणि वाईटही. पुढच्या नोंदणीला तो कुणाच्या जर्सीत दिसेल, सांगता येत नाही.

मला माहीत आहे तुमचं उत्तर. सगळेच असं करतात, म्हणाल. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटातले सोळाच्या सोळा संघ आपापल्या परीनं बाहेरचे खेळाडू आणतात. आपण नाही आणले तर पहिल्या फेरीतच घरी बसू. शिवाय पेठेला चषक पाहिजे असतो. चषक आला की फटाके, हलगी, मिरवणूक. नाही आला की वर्गणी मागायला गेल्यावर लोक दार लावून घेतात. यातलं काही खोटं नाही. पण परवा आपल्याला ज्यांनी हरवलं, त्यांच्या अकरात बहुतेक पोरं त्यांच्याच तालमीत वाढलेली होती. ती एकमेकांना न बघता पास देत होती. थ्रो कुठं पडणार आणि तिथं कोण असणार, हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे, कारण ती एकाच मैदानावर रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत खेळत आली. ईर्षेनं खेळत होती. आपल्याकडं ईर्षा गॅलरीत होती, मैदानात नव्हती.

आपल्या संघाच्या नावात तालीम हा शब्द आहे. आधी लाल माती, मग फुटबॉल. या गावात पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या त्या राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. खासबागेचं कुस्तीचं मैदान त्यांनीच 1912 मध्ये उभं केलं. त्या तालमींत वस्ताद असायचे. एखादं बारकं पोरगं हातात घ्यायचं, पहाटे उठवायचं, त्याच्या खुराकाचं बघायचं, चुकलं तर कान पिळायचा आणि वर्षानुवर्षं राबून एक पठ्ठा तयार करायचा. खासबागेत तो पठ्ठा शड्डू ठोकून उतरायचा तेव्हा वस्तादाची छाती फुगायची. दुसऱ्या तालमीचा पैलवान पैसे देऊन आणून आपला म्हणून मैदानात उतरवणारा वस्ताद कुणी ऐकलाय का? आपल्या फुटबॉलमध्ये आज वस्ताद उरला नाही, फक्त खरेदी उरली.

यावर एक सदस्य मला म्हणाले, शाहू महाराजांनीही उत्तरेतून मल्ल आणलेच की. आणले, बरोबर आहे. पण त्यांनी ते आणले ते आपल्या पोरांना त्यांचे डाव बघायला मिळावेत, त्यांच्याशी झुंजता यावं म्हणून. गावातल्या पोरांना आखाड्याबाहेर बसवून पाहुण्यांचं कौतुक करायला नव्हे. बाहेरचा खेळाडू येऊ नये, असं माझं म्हणणं नाहीच. उलट चांगला बाहेरचा खेळाडू आला तर त्याच्याबरोबर रोज सराव करून आपली पोरं दोन गोष्टी जास्त शिकतील. पण तो हंगामभर इथं राहायला पाहिजे, सरावाला यायला पाहिजे, आणि त्याच्या आजूबाजूला आपली पोरं खेळत असायला पाहिजेत.

फार लांब जायला नको, गोव्याकडं बघा. अर्मांडो कोलासो कोच असताना तिथल्या धेंपो क्लबनं 2005 ते 2012 या काळात पाच वेळा देशातली सगळ्यात मोठी लीग जिंकली. रँटी मार्टिन्स नायजेरियाचा, बेटो ब्राझीलचा, हे त्यांचे परदेशी खेळाडू आपल्यातल्या जुन्या शौकिनांना आजही आठवतात. पण त्या संघाचा कणा होता क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा यांच्यासारख्या गोव्याच्या पोरांचा. परदेशी गोल करायचे, पण त्यांना चेंडू पोचवणारी आणि गोल खाऊ न देणारी फळी घरची होती, आणि ती वर्षानुवर्षं एकत्र खेळत होती. तिथं पैसा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होता. तरी त्यांनी कणा विकत आणला नाही.

आपल्याकडं पोरांची वाण आहे का? कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये आपल्या देशात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या जर्सीत खेळला, पुढं इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) गेला. त्या दिवसांत आपल्याही चौकात त्याचे फ्लेक्स लागले होते. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पोर कोल्हापूरचं, कौतुक कोल्हापूरचं, आणि शिकायला मात्र गाव सोडून जावं लागलं. दर विश्वचषकाला आपण मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे कटआऊट लावतो, ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे गल्लीभर बांधतो. मला त्यात गैर वाटत नाही. हे वेड या गावाचं वैभव आहे. पण त्याच गल्लीतल्या बारा वर्षांच्या पोराला सरावासाठी धड चेंडू मिळत नसेल, तर त्या वेडाचा उपयोग कुणाला?

सकाळची परिस्थिती सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. पोरं येतात, काही मुलीही येतात. चेंडू कमी, त्यातले काही वरिष्ठ संघानं वापरून टाकलेले, शिवण सुटलेली. कोन नाहीत म्हणून पोरं चपला ठेवून त्यांच्यामधून ड्रिब्लिंग करतात. बूट थोरल्या भावाचे, पुढं कापूस कोंबलेले. पावसाळ्यात गांधी मैदान पाण्याखाली जातं. ते मुळात वरुणतीर्थ तळंच, पाऊस आला की पुन्हा तळं होतं. मग आम्ही कुणाची तरी परवानगी मागत शाळेच्या पटांगणावर जातो, तिथून हुसकावलं की गल्लीत. तरी ती येतात. थंडीत, तोंडातून वाफा निघत असताना, माझ्याही आधी येऊन उभी असतात. त्यातल्या एका पोरीचा डावा पाय असा आहे की बघत राहावं. तालमीच्या वार्षिक हिशेबात या सगळ्यासाठी किती रक्कम दाखवलीय, ते तुम्हीच काढून बघा. बाहेरच्या एका खेळाडूच्या खोलीभाड्याइतकी तरी आहे का, तेही बघा.

माझी मागणी अवाजवी नाही. पुढच्या हंगामात बाहेरचे खेळाडू कमी करा आणि जे आणाल ते हंगामाच्या सुरुवातीला आणा. अकरात निम्म्याहून जास्त पोरं पेठेची असतील, असा ठराव करा आणि तो सभेत वाचून दाखवा, म्हणजे दोन सामने हरल्यावर कुणाला मागं फिरता येणार नाही. हो, दोन सामने हरूच. कदाचित अख्खा हंगाम जड जाईल. पेठेला हे आधीच सांगा, लोक समजून घेतात. लोकांना राग येतो तो पैसे ओतून वर हरल्याचा. देणगीदाराकडून जे येतं त्यातला ठरावीक वाटा चौदा आणि सोळा वर्षांखालच्या पोरांसाठी बाजूला काढा, आणि तो वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर बाद फेरी आली की तो कुठं जातो हे आपल्याला माहीत आहे. आपल्या जुन्या खेळाडूंपैकी दोघांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (एआयएफएफ) डी लायसन्स या कोचसाठीच्या कोर्सला पाठवा. मी उत्साहानं शिकवतो, पण उत्साह वेगळा आणि शिक्षण वेगळं. पोरांच्या वयाप्रमाणं काय शिकवायचं, गुडघा न मोडता कसं पळवायचं, हे शिकलेल्या माणसाकडूनच त्यांना मिळायला पाहिजे. एवढ्यावर चार-पाच हंगाम चिकाटीनं राहिलो, तर मागच्या फळीतली दोन माणसं एकमेकांना नावानं हाक मारणारी असतील आणि लांब थ्रोवर कुणी हात वर करून उभं राहणार नाही.

आता समर्थकांशी थोडं. तुमच्यामुळं हा खेळ या गावात जिवंत आहे. तिकीट काढून भर उन्हात बसणारी, रात्र जागून झेंडे रंगवणारी माणसं दुसऱ्या कुठल्या गावात सापडणार नाहीत. म्हणूनच तुम्हाला हक्कानं सांगतो. परवा आपल्या परदेशी खेळाडूला त्याच्या रंगावरून गॅलरीतून जे ऐकवलं गेलं, ते मी ऐकलंय. जिंकल्यावर त्यालाच खांद्यावर घेतलं असतं. तो आपल्या भरवशावर इतक्या लांब आलेला पाहुणा आहे. त्याचा खेळ आवडला नाही तर तसं म्हणा, त्याच्या कातडीबद्दल तोंडातून एक शब्द निघता कामा नये. आणि सामना संपल्यावर गेटबाहेर जी ढकलाढकली झाली, ती पोलिसांनी वेळीच आवरली म्हणून वाचलो. दगडफेकीमुळं थांबलेले सामने, झालेला लाठीमार, पोरांवर पडलेल्या केसेस हे सगळं या गावानं पाहिलंय. केस पडली की पोराचं पोलीस भरतीचं स्वप्न संपतं, आणि त्या वेळी पेठेतलं कुणी कोर्टात त्याच्याबरोबर उभं राहत नाही.

गोलकीपरचा तो कापलेला व्हिडिओ ज्यांनी टाकलाय त्यांनी काढून टाकावा. पूर्ण व्हिडिओ माझ्याकडं आहे, थ्रो-इनपासूनचा. तो टाका. त्यात त्यानं अडवलेला फटका दिसतो, डावा बॅक पळताना दिसतो आणि वर गेलेले दोन हातही दिसतात. गावाला ठरवू दे.

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरीसाहेब, पुढच्या हंगामाच्या नोंदणीच्या तारखा जाहीर व्हायच्या आधी तालमीची सर्वसाधारण सभा बोलवा. आयत्या वेळच्या विषयांत नको, पहिल्या क्रमांकावर हा विषय घ्या. मी पोरांची यादी लिहून आणतो: नाव, वय, कुठल्या जागेवर खेळतो, कुठला पाय चालतो, कशात कमी पडतो. लपवाछपवी करणार नाही, जो तयार नाही त्याच्यापुढं तयार नाही असंच लिहीन. तुम्ही आठवडाभर सकाळी मैदानावर या आणि यादीतल्या एकेकाला स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना बघा. त्यानंतर तुम्हाला वाटलं की यातला एकही पोरगा तालमीची जर्सी घालायच्या लायकीचा नाही, तर ते सभेत, त्यांच्यासमोर, कारणासहित सांगा.

आपला,
तालमीचा एक जुना सेंटर हाफ
कोल्हापूर